गोरिला मुठी आपटत नाही

युगांडाच्या ब्विंडी जंगलात गोरिला पाहायला निघालेल्यांच्या मनात एक चित्र पक्कं असतं: चवताळलेला नर, वळलेल्या मुठी, छातीवर दणादण ठोसे आणि पुढच्या क्षणी हल्ला. हे चित्र जुनं आहे. 1861 साली पॉल दु शैयू या प्रवाशाने आपल्या पुस्तकात गोरिलाला नरकातला राक्षस करून टाकलं, पुढे सिनेमाने त्यात भर घातली.

मुळात मुठी नसतातच. गोरिला तळहात ओंजळीसारखे किंचित वाकवून छातीवर आपटतो. नराच्या छातीजवळ हवेच्या पिशव्या असतात, त्यामुळे पोकळ ‘पोक-पोक-पोक’ असा आवाज दाट झाडीतूनही दूरवर जातो. रवांडातल्या गोरिलांचा 2021 मध्ये अभ्यास झाला. नर जितका थोराड, तितका हा आवाज खर्जातला. म्हणजे न दिसणाऱ्या प्रतिस्पर्ध्यालाही समोरच्याचं माप कळतं आणि बऱ्याचदा मारामारी टळते. आपल्याकडे ऊर बडवणं म्हणजे आकांत; इथे ते ओळखपत्र. पिल्लंसुद्धा खेळता खेळता छाती बडवतात, तोल जाऊन पडतात.

उलट धोका माणसाकडूनच जास्त. आपली साधी सर्दी त्यांच्या जिवावर बेतू शकते, म्हणून एका कळपाला दिवसातून एकच गट, आठ पर्यटक, तासभर भेट. सर्दी-खोकला असेल तर त्या दिवशी गोरिला विसरा.