मंत्रिपद जातं, ओळखी राहतात

ब्रिटनमधली एक सरकारी समिती १३ ऑक्टोबर २०२५ रोजी कायमची बंद झाली. मंत्री किंवा बडा अधिकारी सरकारातून बाहेर पडला आणि दोन वर्षांच्या आत कुठे नोकरी धरायची म्हणाला, की त्याचा अर्ज तपासून सल्ला द्यायचा, हे तिचं काम. 'व्यावसायिक नियुक्त्यांची सल्लागार समिती' असं लांबलचक नाव. तिकडे इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडून 'अकोबा' म्हणत. पन्नास वर्षं ती चालली. तिच्या जन्मापासून शेवटापर्यंतचा प्रवास पाहिला, की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते: नियम करणाऱ्यांनी नेहमी महिने मोजले, आणि बाजारात विकली जात होती ती ओळख.

मंत्र्यांच्या खाजगी मिळकतीची चिंता ब्रिटनला तशी जुनीच. १९१२ साली मार्कोनी कंपनीला बिनतारी केंद्रांचं सरकारी कंत्राट द्यायचं चाललं होतं, आणि त्याच सुमाराला अर्थमंत्री लॉइड जॉर्ज आणि ॲटर्नी जनरल रूफस आयझॅक्स यांनी अमेरिकन मार्कोनीचे शेअर घेतल्याचं उघड झालं. गदारोळ झाला आणि १९१३ मध्ये पंतप्रधान ॲस्क्विथ यांनी मंत्र्यांनी कसं वागावं याचे दंडक संसदेत सांगितले. पण ते सगळे खुर्चीवर बसलेल्या माणसासाठी होते. खुर्ची सुटल्यावर काय, हा प्रश्न कुणी विचारला नाही.

तो आला शस्त्रास्त्रांच्या धंद्यातून. पहिल्या महायुद्धानंतर तोफा आणि दारूगोळा बनवणाऱ्या कंपन्यांविषयी लोकांच्या मनात चीड होती. लष्करातले आणि संरक्षण खात्यांतले लोक निवृत्त होऊन याच कंपन्यांत रुजू होतात, ही तक्रार १९३५-३६ च्या शाही आयोगापुढे आली. १९३७ साली पहिले नियम निघाले: सरकारशी व्यवहार असलेल्या कंपनीत निवृत्तीनंतर दोन वर्षांच्या आत जायचं असेल, तर वरिष्ठ अधिकाऱ्याने आधी परवानगी घ्यायची. दोन वर्षं हा आकडा तेव्हा आला आणि चिकटून बसला. आजही तो हटलेला नाही.

१९७५ मध्ये हॅरॉल्ड विल्सन यांच्या सरकारने सल्ला द्यायला अकोबा नेमली. तीसुद्धा अधिकारी आणि लष्करी अफसरांसाठीच. मंत्री बाहेर! यामागे एक युक्तिवाद होता आणि तो अगदीच टाकाऊ नाही. अधिकाऱ्याला निवृत्तीची तारीख ठाऊक असते, पेन्शन ठरलेलं असतं. मंत्र्याला पंतप्रधान सकाळी बोलावून संध्याकाळपर्यंत घरी पाठवू शकतात. अशा माणसाला उद्या पोट कसं भरायचं यावरही बंधनं घालायची का? प्रश्न रास्त आहे. पण त्याच्या आडोशाने पुढची वीस वर्षं मंत्र्यांना काहीच नियम नव्हता, आणि ती वीस वर्षं साधी नव्हती. त्यातच ब्रिटनने आपले सरकारी उद्योग विकायला काढले.

ब्रिटिश टेलिकॉमचे शेअर नोव्हेंबर १९८४ मध्ये विक्रीला आले, तेव्हा व्यापार आणि उद्योग खातं नॉर्मन टेबिट यांच्याकडे होतं. १९८७ मध्ये ते सरकारातून बाहेर पडले आणि त्याच वर्षी ब्रिटिश टेलिकॉमच्या संचालक मंडळावर गेले. ब्रिटिश गॅस १९८६ साली खाजगी झाली. ऊर्जामंत्री होते पीटर वॉकर. १९९० मध्ये मंत्रिमंडळ सोडल्यावर तेही ब्रिटिश गॅसच्या संचालक मंडळावर दिसले. तिसरं नाव जॉन वेकहॅम. ऊर्जामंत्री असताना त्यांनी टीसाइड इथल्या वीज प्रकल्पाला मंजुरी दिली. प्रकल्प एन्रॉनचा, म्हणजे दाभोळमुळे आपल्याला चांगलीच ठाऊक असलेली तीच कंपनी. १९९४ मध्ये वेकहॅम एन्रॉनचे संचालक झाले आणि डिसेंबर २००१ मध्ये कंपनी कोसळली, तोवर संचालक मंडळावरच होते.

यातल्या कुणीही नियम मोडला नाही, कारण मोडायला नियमच नव्हता. त्यांनी पदाचा सौदा केला असंही मला म्हणायचं नाही. पण निर्णयावर सही करताना मनात पुढची नोकरी होती का, हे कधी सिद्ध करता येत नाही. नव्हती, हेही सिद्ध करता येत नाही. संशय कायमचा चिकटतो. माणसाला तर चिकटतोच, पण त्याने केलेल्या प्रत्येक मंजुरीलाही चिकटतो. ज्या नागरिकाने टेलिफोनचं बिल भरलं, त्याला ही शंका का बाळगावी लागावी?

१९९४ मध्ये खासदार पैसे घेऊन संसदेत प्रश्न विचारतात हे प्रकरण पेटलं आणि पंतप्रधान जॉन मेजर यांनी न्यायमूर्ती नोलन यांची समिती नेमली. तिचा पहिला अहवाल मे १९९५ मध्ये आला. सार्वजनिक जीवनाची सात तत्त्वं त्यातलीच. माजी मंत्र्यांनाही अकोबाच्या कक्षेत आणा, ही शिफारस त्याच अहवालातली, आणि ती मान्य झाली. कॅबिनेट मंत्र्याने किमान तीन महिने थांबायचं आणि समितीला वाटलं तर दोन वर्षांपर्यंत थांबायला सांगायचं. पण अधिकार सल्ल्यापुरताच. मंत्र्याने सल्ला धुडकावला, तर समितीने जाहीर पत्र लिहायचं. पत्रापलीकडे तिच्या हातात काहीच नव्हतं.

मार्च २०१० मध्ये पत्रकारांनी बनावट कंपनीचे प्रतिनिधी बनून काही माजी मंत्र्यांना गाठलं आणि छुप्या कॅमेऱ्याने चित्रण केलं. माजी वाहतूकमंत्री स्टीफन बायर्स त्यात म्हणाले की आपण भाड्याने मिळणाऱ्या टॅक्सीसारखे आहोत. दिवसाचा दर त्यांनी तीन ते पाच हजार पौंड सांगितला. देश हादरला आणि त्याच वर्षी आलेल्या नव्या सरकारने आचारसंहितेत भर घातली: मंत्रिपद सोडल्यावर दोन वर्षं सरकारकडे कुणासाठीही रदबदली करायची नाही. ऐकायला कडक वाटतं. पण बायर्स यांनी मंत्रिपद सोडलं होतं मे २००२ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्यासमोर ते बोलले त्याच्या जवळजवळ आठ वर्षं आधी. ज्या माणसामुळे नियम आला, त्याला तो लागूच झाला नसता. आठ वर्षांनंतरही त्याला भाव होता, ही खरी माहिती त्या चित्रणात होती आणि नियम करणाऱ्यांनी तिच्याकडे पाहिलंच नाही.

त्यानंतर सल्ल्याची पत्रास ठेवणंही सुटत गेलं. मार्च २०१७ मध्ये माजी अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न 'इव्हनिंग स्टँडर्ड'चे संपादक होणार हे जाहीर झालं, तेव्हा समितीचा सल्ला यायचा होता. बोरिस जॉन्सन यांनी ९ जुलै २०१८ रोजी परराष्ट्रमंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि १६ जुलैला 'डेली टेलिग्राफ'मध्ये त्यांचा स्तंभ छापून आला. वर्षाचे २,७५,००० पौंड. समितीने हे अमान्य असल्याचं कळवलं. पुढे पंतप्रधानपद भोगून झाल्यावर जून २०२३ मध्ये त्यांनी 'डेली मेल'चा स्तंभ घेतला, तेव्हा समितीला कळवलं ते जाहीर घोषणेच्या अर्धा तास आधी. समितीने पुन्हा पत्र लिहिलं.

तरीही मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं ते डेव्हिड कॅमेरन यांचं प्रकरण, कारण त्यात नियम पाळला गेला. फेब्रुवारी २०१० मध्ये, विरोधी पक्षनेते असताना, लॉबिंग, म्हणजे सरकारकडे कुणासाठी रदबदली करण्याचा धंदा, हा पुढचा मोठा घोटाळा ठरणार असा इशारा त्यांनीच दिला होता. दोन वर्षांच्या रदबदली-बंदीचा नियमही त्यांच्याच सरकारचा. जुलै २०१६ मध्ये ते पंतप्रधानपदावरून पायउतार झाले. ऑगस्ट २०१८ मध्ये, दोन वर्षं उलटताच, ग्रीनसिल कॅपिटल या वित्त कंपनीचे सल्लागार झाले. कोविड आला, कंपनी अडचणीत सापडली, आणि सरकारच्या मदत योजनेत तिला जागा मिळावी म्हणून माजी पंतप्रधानांनी फोन हातात घेतला. अर्थमंत्री ऋषी सुनक यांना मेसेज, अर्थखात्याचे प्रमुख सचिव टॉम स्कॉलर यांना मेसेज. शेवटी सही 'प्रेमपूर्वक, डीसी'. सुनक यांनी उत्तरही दिलं, की अधिकाऱ्यांना पर्याय शोधायला लावलंय.

हे एकदा समोर ठेवून बघा. महामारीत दुकान बंद पडलेला माणूस सरकारी हेल्पलाइनवर तासन्तास ताटकळत होता, आणि इथे एका कंपनीची फाइल खाजगी मोबाइलवरून थेट अर्थमंत्र्यापर्यंत पोचत होती. मदत शेवटी नाकारली गेली, मार्च २०२१ मध्ये ग्रीनसिल बुडाली, म्हणून हे कळलं तरी. संसदेच्या अर्थविषयक समितीने कॅमेरन यांच्या विवेकबुद्धीवर कडक ताशेरे ओढले, पण नियमभंग झाला नाही असाच निष्कर्ष काढला. लॉबिंग करणाऱ्यांची नोंदणी सक्तीची करणारा २०१४ चा कायदाही लागू झाला नाही. तो बाहेरून सेवा देणाऱ्या सल्लागारांसाठी होता आणि कॅमेरन कंपनीचे नोकर होते. कायदा त्यांच्याच कारकिर्दीतला.

बाहेरही महिन्यांचाच हिशेब दिसतो. युरोपीय आयोगाचे, म्हणजे युरोपीय संघाचा कारभार पाहणाऱ्या संस्थेचे माजी अध्यक्ष बारोसो २०१६ मध्ये गोल्डमन सॅक्स या बँकेत गेले, तेव्हा अठरा महिन्यांची मुदत नुकतीच संपली होती. आयोगाने २०१८ मध्ये ती सदस्यांसाठी दोन आणि अध्यक्षांसाठी तीन वर्षं केली. जर्मनीत चान्सलर श्रोडर २००५ मध्ये पद सोडल्यावर काही आठवड्यांतच रशियाचा गॅस जर्मनीत आणणाऱ्या नॉर्ड स्ट्रीम गॅसवाहिनीच्या कंपनीत जायला तयार झाले. तिथे कायदा व्हायला २०१५ उजाडलं. कॅनडाने मात्र २००८ पासून माजी मंत्र्यांच्या लॉबिंगवर पाच वर्षांची बंदी थेट कायद्यात घातली. मुदत लांब असणं हे एक, पण मला महत्त्वाचं वाटतं ते हे की तिथे तो सल्ला नाही, कायदा आहे.

लंडनमध्ये २०२० ते २०२५ या काळात अकोबाचे अध्यक्ष असलेले एरिक पिकल्स स्वतःच सांगत होते की या व्यवस्थेला दात हवेत. २०२५ मध्ये पंतप्रधान कीर स्टार्मर यांच्या सरकारने अधिकाऱ्यांचं काम सनदी सेवा आयोगाकडे आणि मंत्र्यांचं काम पंतप्रधानांच्या स्वतंत्र आचार सल्लागाराकडे, म्हणजे सर लॉरी मॅग्नस यांच्याकडे सोपवलं. सोबत पहिल्यांदाच पैशाचा चिमटा आला: नोकरीचे नियम गंभीरपणे मोडणाऱ्या माजी मंत्र्याने, पद सोडताना मिळालेली भरपाईची रक्कम परत करावी. ही रक्कम वर्षाच्या मंत्रिपगाराचा चौथा हिस्सा असते. कॅबिनेट मंत्र्यासाठी १६,८७६ पौंड. ऑस्बोर्न यांना अर्थमंत्रिपदानंतर ब्लॅकरॉक या गुंतवणूक कंपनीने वर्षातल्या ४८ दिवसांच्या कामासाठी ६,५०,००० पौंड दिले होते. त्या दराने ही सगळी भरपाई सव्वा दिवसात वसूल होते.