ओआरएसच्या पुडीमागची बेडकाची कातडी

नवतपा लागला की नागपुरात मेडिकल स्टोअरच्या काउंटरवर ओआरएसच्या पुड्या पुढे येऊन बसतात. त्या पुडीत मिठाबरोबर ग्लुकोज का असतं, याचं उत्तर कोपनहेगनचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ हान्स उसिंग (१९११–२०००) यांच्या कामापर्यंत मागे जातं.

उसिंग यांनी सुरुवात केली ती पूर्व ग्रीनलँडच्या फ्योर्डमधल्या (समुद्राच्या अरुंद खाडीतल्या) प्लवकांपासून, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांपासून. त्यांना शरीरक्रियाशास्त्राकडे वळवलं ऑगस्ट क्रोग यांनी. पुष्कळशा प्रश्नांसाठी अभ्यासाला सोयीचा एखादा प्राणी सापडतोच, असं क्रोग मानत. क्षारांच्या प्रश्नाला तो प्राणी बेडूक ठरला. अंगातलं मीठ घटलेला बेडूक अगदी विरळ द्रावणातूनही कातडीवाटे क्लोराइड आत ओढतो, हे क्रोग यांनी १९३७ मध्ये दाखवलं.

पण पेशी बळ खर्चून नेमकं काय ढकलतात? कातडीची आतली बाजू धनभारित असते, त्यामुळे क्लोराइड सोडियमच्या मागोमाग आपसूकही आत येऊ शकतो. हा गुंता उसिंग आणि झेरान यांनी १९५१ मध्ये सोडवला. त्यांची युक्ती इतकी साधी आणि नेमकी आहे, की ती सावकाश पाहण्यासारखी आहे. कातडी दोन कप्प्यांच्या मध्ये पडद्यासारखी ताणली. दोन्हीकडे तेच रिंगर द्रावण (शरीरातल्या द्रवासारखं क्षारांचं पाणी) भरलं, म्हणजे संहतीचा फरक गेला. पातळी सारखी ठेवली, म्हणजे दाबाचा गेला. उरला विजेचा फरक. तो बाहेरून करंट देऊन शून्यावर आणला. आता आपसूक वाहण्याला कारणच राहिलं नाही, तरी करंट चालू राहिला. किरणोत्सारी सोडियमने मोजलेला निव्वळ ओघ या करंटशी जुळला, म्हणजे पेशी बळ खर्चून ढकलत होत्या तो सोडियमच. हिशोब सरळ आहे: २६.८ मायक्रोअँपिअर म्हणजे तासाला एक मायक्रोइक्विव्हॅलंट (सोडियमसाठी मायक्रोमोलइतकाच) सोडियम.

हा प्रयोग बिघडतो तो बारीकसारीक गोष्टींनी. कडा जास्त आवळल्या की तिथल्या पेशी चिरडतात आणि आयन (भारित कण) तिथूनच झिरपतात. अगारच्या पुलात (इलेक्ट्रोड आणि द्रावण जोडणाऱ्या खारट जेलच्या नळीत) हवेचा बुडबुडा राहिला तर सर्किट तुटतं. व्होल्टेज मोजणारी टोकं कातडीपासून लांब असतील आणि मधल्या द्रावणाचा रोध वजा केला नसेल, तर मीटरवर शून्य दिसूनही कातडीवर व्होल्टेज उरतं आणि करंट कमी भरतो. रिंगर बनवताना कॅल्शियम क्लोराइड सगळ्यात शेवटी, भरपूर पाणी घातल्यावर टाकायचं. नाहीतर बायकार्बोनेटशी संयोग होऊन पांढरा साका बसतो.

१९५७ मध्ये येन्स स्कोऊ यांना खेकड्याच्या मज्जातंतूत सोडियम पेशीबाहेर ढकलणाऱ्या सोडियम-पोटॅशियम पंपाचा एन्झाइम सापडला. त्यासाठी १९९७ चं नोबेल मिळालं.

पुढे याच कप्प्यांत आतडं बसवलं गेलं. १९६४ मध्ये शुल्ट्झ आणि झालुस्की यांनी सशाच्या आतड्याच्या पोकळीकडच्या बाजूला साखर घातली, तसा सोडियमचा करंट वाढला. ग्लुकोज आणि सोडियम जोडीनं आत जातात, ही रॉबर्ट क्रेन यांची १९६० ची कल्पना इथे मोजमापात उतरली. पटकीतही ही वाट शाबूत राहते. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉक्टर दिलीप महालनोबिस यांनी याच जोडीवर रुग्ण वाचवले.

२००२ पासूनच्या सूत्रात एका लिटरला मीठ २.६ ग्रॅम आणि ग्लुकोज १३.५ ग्रॅम, सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही ७५ मिलिमोल. विरघळलेल्या कणांची एकूण तीव्रता २४५ मिलिऑस्मोल, रक्ताच्या साधारण २९० पेक्षा कमी, म्हणून पाणी रक्ताकडे जातं. लिटरची पुडी अर्ध्या लिटरात कालवली की तीच ४९० होते आणि पाणी उलट आतड्यात ओढलं जातं.