चोरीविरोधी जोडउपकरणे, परफॉर्मन्स मोटारीची

साध्या मॉडेलपेक्षा ताकदवान इंजिन, कडक सस्पेन्शन आणि मोठे ब्रेक घेऊन येणाऱ्या गाडीला परफॉर्मन्स मोटार म्हणतात. अशा गाडीला कारखान्यातून मिळालेले कुलूप, अलार्म आणि इमोबिलायझर (खरी चावी वा कोड नसेल तर इंजिन सुरू होऊ न देणारे यंत्र) पुरेसे वाटत नाहीत, तेव्हा मालक स्वतःच्या खर्चाने आणखी संरक्षण बसवतो. स्टीअरिंगवरचे लोखंडी कुलूप, कुठेतरी लपवलेला स्विच, कोड मागणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र, चोरी झाल्यावर गाडीचा ठावठिकाणा सांगणारा ट्रॅकर, हे सगळे या जोडउपकरणांत येते.

कारखान्याच्या सुरक्षेत एक उपजत खोट असते. ती एका मॉडेलच्या हजारो गाड्यांत तंतोतंत सारखी असते. चोराला एक गाडी जमली की उरलेल्या सगळ्या जमतात, आणि त्यासाठी लागणारे यंत्र कोणीतरी तयार करून विकायलाही काढतो. शेजारच्या गाडीत नसलेली एखादी गोष्ट आपल्या गाडीत असली, की पाठ केलेल्या कामात खोळंबा होतो. जोडउपकरणाचा खरा उपयोग हा आहे. लोखंडाची जाडी ही त्यानंतरची बाब.

कोसवर्थचे दिवस : या विषयाचा इतिहास ब्रिटनमध्ये सर्वांत ठळक दिसतो आणि तो फोर्डच्या एका गाडीपासून सुरू करणे सोयीचे आहे. ग्रुप ए या वर्गाच्या शर्यतींत उतरायचे तर रस्त्यावर चालणाऱ्या ५,००० गाड्या बनवणे भाग होते, म्हणून फोर्डने १९८६ मध्ये सिएरा आरएस कोसवर्थ बाजारात आणली. नॉर्दॅम्प्टनच्या कोसवर्थ कंपनीने घडवलेले दोन लिटरचे टर्बो इंजिन २०४ अश्वशक्ती देत होते. तीन दारांच्या एकूण ५,५४५ गाड्या निघाल्या, त्यांपैकी ५०० आरएस५०० प्रकारच्या. इंजिन शर्यतीचे, पण दाराचे कुलूप मात्र घरगुती सिएराच्या तोडीचे. मोटारीच्या इतिहासात इतकी विजोड जोडी क्वचितच सापडेल.

ही गाडी तीन कारणांनी पळवली जाई. पहिले कारण सुट्या भागांचे. कोसवर्थचे इंजिन आणि टर्बो दुसऱ्या फोर्डमध्ये बसत असल्याने त्यांना कायम गिऱ्हाईक असे. दुसरे, पोलिसांच्या गाडीला मागे टाकणारे वाहन दरोडेखोरांना हवेच असते. तिसरे कारण निव्वळ हौस. १९९१ च्या सप्टेंबरात ऑक्सफर्डजवळच्या ब्लॅकबर्ड लीज वसाहतीत पोरे चोरलेल्या वेगवान गाड्या रात्री रस्त्यावर गरगर फिरवून दाखवत आणि बघ्यांची गर्दी जमे. या प्रकाराला तिथे ‘हॉटिंग’ म्हणत. पोलिसांशी चकमकी झाल्या आणि पुढल्याच वर्षी ‘अ‍ॅग्रॅव्हेटेड व्हेइकल टेकिंग अ‍ॅक्ट’ आला. चोरीविषयीच्या १९६८ च्या कायद्यात मालकाच्या संमतीवाचून गाडी नेणे हा गुन्हा होताच. नव्या कायद्याने, नेलेल्या गाडीने अपघात वा नुकसान झाले तर शिक्षा वाढवली.

कायद्यापेक्षा जास्त बदल विमा कंपन्यांनी घडवला. कोसवर्थचा हप्ता अनेक तरुण मालकांच्या आवाक्याबाहेर गेला. विमा हवा असेल तर मान्यताप्राप्त अलार्म लावा, अशी अट आली. ब्रिटिश विमा कंपन्यांनी १९६९ मध्ये बर्कशरमधील थॅचम गावी एक संशोधन केंद्र काढले होते, गाड्या कमी खर्चात कशा दुरुस्त होतील हे पाहण्यासाठी. १९९० च्या दशकात हेच केंद्र चोरीविरोधी उपकरणांना श्रेणी देऊ लागले. श्रेणी १ म्हणजे अलार्म अधिक इमोबिलायझर, श्रेणी २ म्हणजे नुसता इलेक्ट्रॉनिक इमोबिलायझर, श्रेणी ३ म्हणजे यांत्रिक कुलपे. इमोबिलायझरने गाडीची किमान दोन सर्किट तोडली पाहिजेत आणि मालक विसरला तरी ते आपोआप चालू झाले पाहिजे, अशा त्यांच्या अपेक्षा होत्या. ‘कॅट वन (श्रेणी १) आहे का?’ हा प्रश्न मग जुनी स्पोर्ट्स कार विकताना मायलेजच्या जोडीने विचारला जाऊ लागला. जपानहून परस्पर आणलेल्या निसान स्कायलाइन आणि सुबारू इम्प्रेझा गाड्यांना ही अट हमखास लागे.

चावीकडे वळलेला चोर : १ ऑक्टोबर १९९८ पासून ब्रिटनसह युरोपीय संघात नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा झाला. चावीत एक इवलीशी चिप, स्टीअरिंग कॉलमपाशी अँटेना आणि दोघांत सांकेतिक सवाल-जवाब. उत्तर चुकले तर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, इंजिनाला इंधन देत नाही. नेदरलँड्समधील आकडेवारीवर झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासाने या सक्तीमुळे मोटारचोरी सरासरी ४० टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष काढला. तारा जोडून गाडी सुरू करणारा हौशी चोर यात संपला.

धंदेवाईक चोर संपला नाही. गाडी चावीशिवाय चालत नसेल तर चावी आणायची, एवढा साधा विचार त्याने केला. रात्री घरात शिरून दाराजवळच्या खुंटीवरची किंवा टेबलावरची चावी उचलायची आणि अंगणातली गाडी घेऊन जायचे. ब्रिटिश पोलिसांच्या बोलीत या घरफोडीला ‘हनोई’ म्हणतात. पोलिसांच्या एका मोहिमेचे ते नाव होते, व्हिएतनामशी त्याचा काही संबंध नाही. मालकांच्या दृष्टीने हा बदल वाईटच होता. पूर्वी गाडी जायची, आता चोर जिन्यापर्यंत येऊ लागला. जोडउपकरणांवर आजही घेतला जाणारा गंभीर आक्षेप इथूनच आला आहे. गाडी फार घट्ट बांधली तर चोर माणसाकडे वळतो, असा तो आक्षेप.

पुढची वाट इलेक्ट्रॉनिक. डॅशबोर्डखालचे ओबीडी पोर्ट मेकॅनिकला दोष वाचण्यासाठी दिलेले, पण त्याच दाराने नवी चावीही नोंदवता येते. २०१२ च्या सुमारास ब्रिटनमध्ये बीएमडब्ल्यू गाड्या या मार्गाने जाऊ लागल्या. दुर्मीळ १ सिरीज एम कूपे आवाज न करता ढकलत नेली जात असल्याचे सीसीटीव्ही चित्रण त्या वेळी खूप गाजले. चिपच्या सांकेतिक भाषेतही भोके निघाली. फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांत, म्हणजे पोर्शे आणि लॅम्बोर्गिनीतसुद्धा, असलेल्या मेगामॉस क्रिप्टो चिपची कमजोरी संशोधकांनी शोधली. २०१३ मध्ये लंडनच्या न्यायालयाने त्यांचा निबंध छापण्यास मनाई केली. तो छापून आला २०१५ मध्ये, एक वाक्य गाळून.

बिनचावीच्या गाड्यांनी काम आणखी सोपे केले. दाराच्या मुठीला हात लावला की गाडी कमी वारंवारितेची, बहुधा १२५ किलोहर्ट्झची हाक देते आणि जवळची चावी युरोपात ४३३ मेगाहर्ट्झवर ओ देते. ही हाक दोन चोरांनी दोन पेट्यांतून लांबवली की मालकाच्या खिशातली चावी गाडीजवळच आहे असे गाडी समजते. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये आठ कंपन्यांच्या दहा मॉडेलांवर हा रिले हल्ला करून पाहिला आणि दहाही गाड्या फसल्या. २०२३ मध्ये आणखी एक प्रकार उजेडात आला. लंडनमधल्या एका मोटार-सुरक्षा संशोधकाचीच टोयोटा चोरीला गेली होती. त्याने माग काढला तेव्हा हेडलाइटमागच्या तारांतून कॅन बसमध्ये, म्हणजे गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक भागांना जोडणाऱ्या संदेशजाळ्यात, खोटे संदेश घुसवणारे यंत्र सापडले. ते ब्लूटूथ स्पीकरच्या खोक्यात दडवलेले होते. अशी यंत्रे बाळगणे हाच गुन्हा ठरवणारे विधेयक ब्रिटिश सरकारने २०२५ मध्ये संसदेत मांडले.

लोखंड आणि कोड : स्टीअरिंगवर आडवा बसणारा दांडा अमेरिकेत १९८६ पासून ‘द क्लब’ या नावाने विकला जातो. त्याचा कमकुवतपणा दांड्यात नाही, स्टीअरिंगच्या कड्यात आहे. कडे कापले की दांडा निघतो. म्हणून ब्रिटनमध्ये पूर्ण चाक झाकणारे डिस्कलॉक जास्त भरवशाचे मानतात. पोलादी थाळीचे दोन अर्ध चाकावर डब्याच्या झाकणासारखे मिटतात. चोराने थाळी धरून पिळली तर ती वरच्या वर गरगर फिरते, आतले चाक जागचे हलत नाही. वजन बऱ्यापैकी, रोज काढा-घाला करण्याचा कंटाळा येतो, आणि कंटाळा आला की ती सीटखाली पडून राहते. तरी ते रस्त्यावरून काचेतून दिसते, हा त्याचा गुण विसरू नये. शर्यतीतून आलेली क्विक-रिलीज चकती लावली तर स्टीअरिंगच काढून घरी नेता येते. मात्र त्यासाठी एअरबॅगवर पाणी सोडावे लागते, त्यामुळे रोजच्या गाडीला ते शहाणपणाचे नाही.

दुसऱ्या टोकाला काहीच न दिसणारी साधने. फ्यूएल पंपाच्या वाटेत दडवलेला कट-ऑफ स्विच हे त्यातले सर्वांत जुने आणि स्वस्त. कॅन बसवर बसणारे ‘घोस्ट’ पद्धतीचे इमोबिलायझर हे त्याचेच आजचे रूप. यात वेगळी चावी नाही, दिवा नाही, रेडिओ लहर शोधावी तर तीही नाही. गाडीतलीच बटणे ठरलेल्या क्रमाने दाबायची. उदाहरणार्थ डावी काच दोनदा, आवाज वाढवण्याचे बटण एकदा, क्रूझ कंट्रोल तीनदा. क्रम चुकला तर काही गाड्या सुरूच होत नाहीत, काही सुरू होतात पण गिअर टाकताच बंद पडतात. नवी चावी नोंदवून आलेला चोरही इथे अडतो, कारण चावीला हा कोड ठाऊक नसतो. सर्व्हिसिंगला देताना यंत्र सर्व्हिस मोडवर टाकावे लागते. हे विसरलेल्या मालकाला गॅरेजमधून फोन येतो आणि बऱ्याचदा तो फोनवरच कोड सांगून मोकळा होतो. मग गुपित कसले राहिले?

बसवणाऱ्याचा हात इथे निर्णायक ठरतो. यंत्र कुठे दडवले हे एका गाडीत सापडले आणि त्याच कारागिराने पुढच्या दहा गाड्यांत तेच ठिकाण निवडले, तर वेगळेपणा संपला. चांगले कारागीर मूळ वायरिंगसारखीच काळी टेप गुंडाळतात, जागा बदलत राहतात आणि झालेल्या कामाचे फोटो देत नाहीत. ओबीडी पोर्टवरचे कुलूप, हेडलाइटच्या वायरिंगपुढची पत्र्याची ढाल, चावीसाठी लहरी अडवणारा पाउच ही छोटी साधने एकेका हल्ल्यापुरती उपयोगी पडतात. पाउचचे अस्तर वापरून फाटते, तेव्हा चावी आत टाकून दार उघडते का हे अधूनमधून पाहावे लागते.

कारखान्यानेच जोडउपकरणासारखा विचार केल्याचे गमतीदार उदाहरण अमेरिकेत आहे. डॉज चार्जर हेलकॅट ही ७०० हून जास्त अश्वशक्तीची गाडी तिथे इतकी चोरीला जाऊ लागली, की २०२०–२२ च्या मॉडेलांवरील चोरीच्या दाव्यांचे प्रमाण सरासरीच्या ६० पटींहून अधिक असल्याचे विमा उद्योगाच्या आकडेवारीत दिसले. डॉजने २०२१ मध्ये एक मोफत सॉफ्टवेअर जाहीर केले. चार अंकी कोड दिला नाही तर इंजिन तीन अश्वशक्तीपेक्षाही कमी ताकद देते. एवढ्यात लूनासुद्धा कुरकुरेल.

चोरीनंतर : ट्रॅकर चोरी थांबवत नाही, गाडी परत आणण्याची शक्यता वाढवतो. थॅचमच्या २०१९ पासूनच्या वर्गवारीत एस७ म्हणजे नुसता ठावठिकाणा. एस५ मध्ये चालकाच्या खिशातला टॅगही ओळखला जातो आणि टॅगवाचून गाडी हलली तर नियंत्रण कक्षाला कळते. दोन्ही बहुधा जीपीएस आणि मोबाइल जाळ्यावर चालत असल्याने जॅमर (लहरी दडपणारे यंत्र) लावला की गप्प होतात. व्हीएचएफ लहरींवर चालणारा ट्रॅकर, ज्याची सुरुवात अमेरिकेत १९८६ मध्ये लोजॅकने केली, तळघरात किंवा लोखंडी कंटेनरमध्येही सापडू शकतो. चोरांनाही हे ठाऊक असते. म्हणून ते चोरलेली गाडी लगेच अड्ड्यावर नेत नाहीत. एखाद्या निवांत गल्लीत एक-दोन दिवस लावून ठेवतात. कोणी शोधत आले नाही तर ट्रॅकर नाही असे समजून पुढे नेतात. मालकाला गाडी परत मिळते ती बहुतेक याच मधल्या वेळात.

विम्याचे कलम : ब्रिटनमध्ये महागड्या गाडीच्या पॉलिसीत ट्रॅकरची अट लिहिलेली असते आणि त्याची वर्गणी चालू ठेवणे मालकाच्या माथी असते. वर्गणी संपली आणि गाडी गेली तर दावा अडकू शकतो. भारतात २००२ च्या मोटार टॅरिफनुसार पुण्याच्या एआरएआय या संस्थेने मान्य केलेले चोरीविरोधी उपकरण असेल आणि ते बसवल्याचे मोटार संघटनेने प्रमाणित केले, तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात २.५ टक्के सवलत ठरवली होती, तीही जास्तीत जास्त ५०० रुपये. पन्नास लाखांच्या गाडीच्या मालकाने या रकमेसाठी प्रमाणपत्राच्या खेपा घालाव्यात अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. आपल्याकडे अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात मिळणारे गिअर लॉक त्यामुळे सवलतीसाठी नव्हे, मनाच्या शांतीसाठीच बसते. मूळ वायरिंग कापून काही जोडले तर इलेक्ट्रिकल वॉरंटी नाकारली जाण्याची शक्यता असते, हे दुकानदार सहसा आपणहून सांगत नाही. चोरीचा दावा करताना विमा कंपनी गाडीच्या दोन्ही मूळ चाव्या मागते. जुनी परफॉर्मन्स मोटार घेताना दुसरी चावी ‘नंतर पाठवतो’ असे विकणारा म्हणाला, तर व्यवहार तिथेच थांबवून आधी ती चावी मागावी.