पार्श्वभूमी : ‘मुस्तफा’ अजून कन्सोलवर का नाही?

जुने आर्केड गेम, म्हणजे पार्लरमधल्या यंत्रांवर पैसे टाकून खेळायचे गेम, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि स्विच या घरगुती कन्सोलवर पुन्हा विकत मिळणं यात आता नवल उरलेलं नाही. २०१४ साली सुरू झालेल्या ‘आर्केड आर्काइव्हज’ मालिकेत जवळपास दर आठवड्याला एका गेमची भर पडते. पण नव्वदच्या दशकात पुण्याच्या पेठांमधल्या व्हिडिओ गेम पार्लरांत ज्यांचे रुपये गेले, त्यांचा सर्वांत लाडका गेम, म्हणजे १९९३चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’, अधिकृतपणे कुठल्याच घरगुती कन्सोलवर आलेला नाही. हे नाव इथे फारसं कुणी घेतच नसे. सगळ्यांसाठी तो ‘मुस्तफा’, त्यातल्या एका पात्राच्या नावावरून.

सुरुवातीच्या घरगुती आवृत्त्या म्हणजे नव्याने लिहिलेले गेम असत. १९८२ साली अटारी २६००वर आलेल्या पॅकमॅनमध्ये चक्रव्यूहच वेगळा होता आणि भुतं लुकलुकत होती. आपल्याकडच्या काँट्राचंही तेच. १९८७चा आर्केड काँट्रा उभ्या स्क्रीनवर चालायचा; टीव्ही गेमच्या कॅसेटमधून घरोघरी पोचला तो आडव्या स्क्रीनसाठी पुन्हा बांधलेला. तीस लाइफचा कोडही त्या घरगुती आवृत्तीतलाच.

१९९७ साली ‘मेम’ हा एम्युलेटर आला आणि आर्केड यंत्राच्या मूळ सर्किट बोर्डावरचा प्रोग्राम जसाच्या तसा संगणकावर चालू लागला. आज विकत मिळणाऱ्या बहुतेक आवृत्त्यांमागे हेच तंत्र आहे. त्यामुळे अडचण उरते ती हक्कांची. १९८१चा डाँकी काँग घ्या. त्याचा आर्केड प्रोग्राम बाहेरच्या कंपनीकडून लिहून घेतला होता आणि त्यावरून पुढे कोर्टबाजी झाली. घरगुती कन्सोलवर वर्षानुवर्षं चारपैकी एक स्टेज गाळलेली आवृत्तीच मिळत राहिली. मूळ आर्केड आवृत्ती स्विचवर आली ती २०१८ साली.

मुस्तफाची गुंतागुंत याहून मोठी आहे. गेम जपानी कंपनीचा, पात्रं आणि कथा एका अमेरिकन कॉमिक्सची, आणि नावात एका मोटार कंपनीचा ट्रेडमार्क. प्रोग्राम हाताशी असला तरी बाकीच्यांच्या संमतीशिवाय तो विकता येत नाही. २०१८ साली त्याच जपानी कंपनीने आपल्या मारामारीच्या सात गेमांचा संच काढला. ‘फायनल फाइट’ आणि ‘कॅप्टन कमांडो’ त्यात होते, त्याआधी कधीच घरी न आलेले दोन गेमही होते, पण मुस्तफा नव्हता. उसन्या पात्रांचा एकच गेम त्या संचात होता: जपानी कॉमिक्सवर बेतलेला ‘वॉरियर्स ऑफ फेट’.

अशा गेमांना वाट मिळतच नाही असं मात्र नाही. ‘एलियन व्हर्सेस प्रिडेटर’ २०१९ साली टीव्हीला जोडायच्या एका जॉयस्टिक-संचातून आला. मुस्तफाच्याच वर्षीचा ‘द पनिशर’ २०२४ साली एका संग्रहात परतला. दोन्हींची पात्रं परक्या मालकीची. म्हणजे मनावर घेतलं तर करार होतात.

नाव बदला, गाडी बदला आणि गेम आणा, असाही एक आग्रह असतो. त्याला आधार आहे: १९८६च्या ‘आउटरन’च्या अलीकडच्या आवृत्त्यांत लाल गाडीची ठेवण परवान्याअभावी थोडी बदललेली आहे. तिथे ते खपून गेलं, पण इथे खपणार नाही असं माझं स्पष्ट मत आहे. तिसरी अख्खी स्टेज त्या गाडीत बसून शत्रूंना उडवत पार करायची असते. आणि पात्रांची नावं बदलली तर टोपीवाल्या मुस्तफाची धावत येऊन बसणारी लाथ कुणाच्या नावावर मांडायची? चार पात्रांत सर्वांत चपळ तोच, म्हणून तो मिळवण्यासाठी पोरं भांडायची. तिघांना एकदम खेळता यायचं, पण मुस्तफा एकालाच मिळायचा.

दरम्यान मूळ बोर्ड संपत चालले आहेत. त्यांच्या आवाजाच्या भागात एक छोटी बॅटरी असते. ती उतरली की आत साठवलेली सांकेतिक किल्ली पुसली जाते आणि गेम चालत नाही. बॅटरी वेळेत बदलली नसेल, तर दुरुस्तीला जाणकार हात लागतात. पार्लरं बंद पडल्यावर पुण्यात हा गेम जगला तो सायबर कॅफेतल्या संगणकांवर आणि हातोहात फिरलेल्या सीडींवर, म्हणजे विनापरवाना. आजही पैसे मोजून तो रीतसर घ्यायचा म्हटलं तर कुठल्याच कन्सोलच्या दुकानात तो सापडत नाही.