नळी की मॅगझिन? पॉइंट टू-टू रायफल स्वस्त कशी झाली

एनसीसीच्या कॅम्पला गेलेल्या कुणालाही ‘पॉइंट टू-टू’ (.२२ इंची गोळीची रायफल) म्हटलं की काय ते कळतं. सकाळी रेंजवर पालथं पडायचं, कोपर मातीत रुतवायचे, उस्तादांच्या हुकमावर बोल्ट, म्हणजे गोळीमागचा सरकता दांडा, मागे ओढून पुढे ढकलायचा आणि मोजून दिलेल्या पाच गोळ्या जीव लावून मारायच्या. दर गोळीमागे बोल्टची ती खटखट ठरलेलीच. याच गोळीवर चालणारी, पण बोल्ट हाताने ओढावा न लागणारी रायफल अमेरिकेत अनेक घरांत आहे. रविवारी आई-वडील, मुलं, कधी आजोबाही रेंजवर जातात आणि कागदावर किंवा पत्र्याच्या डब्यांवर नेम धरतात. डब्याला गोळी लागल्यावर जो आवाज होतो, त्यावरून या खेळाला ‘प्लिंकिंग’ म्हणतात.

तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींपैकी कुणी ‘घरच्यांसाठी स्वस्तातली कुठली घेऊ?’ असं विचारलं, की हमखास दोन नावं पुढे येतात: मार्लिन मॉडेल ६० आणि रुगर १०/२२. ही दोनच का आणि ती स्वस्त कशी झाली, हे समजायला बरंच मागे जावं लागतं. माझ्या मते या कथेत रायफल नेहमी दुसऱ्या नंबरावर राहिली. आधी गोळी स्वस्त झाली आणि रायफल तिच्यामागे धावत राहिली.

गोळीची सुरुवात पॅरिसमधली. लुई-निकोला फ्लोबेर या बंदूककाराने १८४५च्या सुमारास तांब्याच्या इवल्याशा टोपीत स्फोटक लेप भरला, तोंडाशी छर्रा बसवला आणि दारूला पूर्ण फाटा दिला. दिवाणखान्यात बसून नेमबाजी करण्याची ही सोय होती. आपल्या जत्रेत एअरगनने फुगे फोडतात, त्याच जातीची करमणूक, फक्त श्रीमंतांची. १८५७ साली स्मिथ अँड वेसन कंपनीने याच कल्पनेत थोडी दारू घालून .२२ शॉर्ट हे काडतूस आणलं. १८८७ साली मॅसॅच्युसेट्समधल्या स्टीव्हन्स कंपनीने त्याला लांब पुंगळी आणि ४० ग्रेनची, म्हणजे साधारण २.६ ग्रॅमची गोळी दिली. तेच .२२ लाँग रायफल. एनसीसीच्या पोराच्या हातात असतं ते हेच. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकमध्ये विश्वविजेतेपद मिळवलं आणि स्वप्नील कुसाळेने २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य जिंकलं, तेही याच काडतुसावर. दोघांच्या रायफली अर्थात एकेक गोळी हाताने भरायच्या आणि किमतीला भलत्याच.

‘रिमफायर’ म्हणजे ज्याचा स्फोटक लेप बुडाच्या कडेत असतो ते काडतूस. घोड्याची टाचणी ती कड चेचते आणि ठिणगी पडते. मधोमध वेगळी टोपी बसवायची नसल्याने काडतूस कवडीमोलात बनतं. पण चेचता यावी म्हणून कड पातळ ठेवावी लागते आणि पातळ कड फार दाब सोसत नाही. म्हणून ही गोळी दुबळी, धक्का जवळजवळ नाही, आवाज सौम्य. दहा वर्षांच्या मुलीच्या खांद्याला ती म्हणूनच चालते. दुबळी म्हणजे निरुपद्रवी मात्र नव्हे. खोक्यांवर दीड मैलापर्यंत धोका असल्याचा इशारा छापलेला असतो. शनिवारवाड्यापासून स्वारगेट जेमतेम तेवढंच.

या दुबळेपणाचाच रायफल बनवणाऱ्यांना फायदा झाला. दाब कमी असल्याने बोल्टला कुलूप लावावं लागत नाही, त्याचं वजन आणि मागची स्प्रिंग एवढंच पुरतं. गोळी पुढे सुटते, रिकामी पुंगळी बोल्टला मागे रेटते आणि बाहेर फेकली जाते. स्प्रिंग बोल्टला परत ढकलते आणि तो येता येता नवी गोळी घेऊन येतो. चाप मात्र प्रत्येक गोळीला पुन्हा ओढावा लागतो, म्हणून ही ‘सेमी’-ऑटोमॅटिक. यात भाग थोडे, म्हणून खर्चही थोडा. अडचण होती ती काजळीची. काळी दारू दोन-चार डझन गोळ्यांत आतलं सगळं चिकट करून टाकायची आणि बोल्ट अडायचा.

विंचेस्टर कंपनीच्या टी. सी. जॉन्सनने १९०३ साली बाजारात चाललेली पहिली अशी रायफल काढली, तेव्हा त्याने यावर नामी तोड काढली. रायफलीसाठी .२२ विंचेस्टर ऑटोमॅटिक नावाचं वेगळंच काडतूस केलं. ते फक्त धूरविरहित दारूचं आणि मापानेही वेगळं, म्हणजे कुणी चुकून काळ्या दारूचं घालूच शकणार नाही. रायफल उत्तम चालली. अ‍ॅड टॉपरवाइन या कंपनीच्या नेमबाजाने १९०७ साली सॅन अँटोनियोत दहा दिवस उभं राहून हवेत उडवलेले ७२,५०० लाकडी ठोकळे टिपायचा प्रयत्न केला. त्यातले चुकले फक्त नऊ. अशा जाहिरातीपुढे कोण काय बोलणार? पण खास काडतूस म्हणजे महाग काडतूस. गल्लीतल्या दुकानात मिळणारी साधी गोळी तिला चालत नव्हती आणि घरगुती खेळाचं घोडं तिथेच अडलं.

जॉन ब्राउनिंगने केलेली रायफल बेल्जियमच्या एफएन कारखान्यातून १९१४ साली आली. तिच्याबद्दल एवढंच सांगतो की ती पुंगळ्या खाली टाकते, त्यामुळे डावखुऱ्या मुलाच्या तोंडावर काही उडत नाही. देखणी वस्तू, पण स्वस्त ती कधीच नव्हती.

मधल्या काळात गोळी सुधारली. धूरविरहित दारू सर्रास झाली. १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात रेमिंग्टनने नळी न गंजवणारा स्फोटक लेप आणला, त्याचं नावच ‘क्लीनबोर’. १९३३ साली विंचेस्टरने आपली जुनी रायफल मॉडेल ६३ म्हणून साध्या .२२ लाँग रायफलसाठी पुन्हा काढली. ३० वर्षं लागली, पण दुकानातली स्वस्त गोळी शेवटी सेमी-ऑटोमॅटिकमध्ये नीट चालू लागली. आता महाग उरली होती ती रायफलच, कारण ती पोलाद कोरून आणि अक्रोडाचं लाकूड घासून बनायची.

तो खर्च १९५९ ते १९६४ या सहा वर्षांत खाली आला. महायुद्धानंतरची मुलं वाढत होती, उपनगरं पसरत होती आणि बापाच्या खिशात पैसा होता. रेमिंग्टन तेव्हा ड्युपाँ या रसायन कंपनीच्या ताब्यात होती. तिने १९५९ साली दस्ता आणि सांगाडा दोन्ही नायलॉनचं करून टाकलं. ही नायलॉन ६६, किंमत ४९.९५ डॉलर. जुनी खोडं ‘प्लॅस्टिकची बंदूक!’ म्हणून हसली. कंपनीच्या टॉम फ्रायने १,००,०१० ठोकळ्यांवर नेम धरून फक्त सहा चुकवले आणि हसणं थांबलं.

पुढच्याच वर्षी मार्लिनचं मॉडेल ६० आलं. हिच्यात नवलाई फारशी नाही, काटकसर मात्र गृहिणीची. आदल्या वर्षीच्या मॉडेल ९९ला अक्रोडाचा दस्ता होता, हिला बर्चचा. गोळ्या साठवायच्या आतल्या नळीचं पोलाद गेलं, पितळ आलं, म्हणजे गंजही गेला. गोळी सुटते त्या पुढच्या नळीतले खाचे मात्र १६, उथळ, कंपनीच्या ‘मायक्रो-ग्रूव्ह’ पद्धतीचे, आणि नेमाला ही रायफल आपल्या किमतीच्या मानाने फार चोख. तीच ‘ग्लेनफील्ड’ नावाने सवलतीच्या दुकानांत आणखी स्वस्तात विकली गेली. एक कोटीहून अधिक बनल्या.

१९६४ साली बिल रुगरच्या कंपनीने १०/२२ आणली, ५४.५० डॉलरला. सांगाडा अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, ओतीव. पुढची नळी दोन स्क्रूंनी बसवलेली. ते सोडले की नळी हातात येते, बंदूककाराकडे जायला नको. आणि दहा गोळ्यांचं चक्राकार मॅगझिन, म्हणजे काढता येणारी गोळ्यांची डबी, जी दस्त्यातून बाहेर डोकावतही नाही.

नळी की मॅगझिन हा वाद इथून सुरू झाला, आणि तो हातात घेतल्याशिवाय कळत नाही. मार्लिन भरायची तर पुढच्या नळीखालची बारीक पितळी नळी पिळून वर ओढायची आणि खाचेतून एकेक गोळी सोडायची. ती टिक् टिक् करत खाली घरंगळते. पितळी नळी परत सारताना स्प्रिंगचा दाब बोटाला जाणवतो. हे सगळं करताना तोंड रायफलीचं कुठल्या दिशेला आहे यावर मोठ्या माणसाची नजर हवी, कारण हात नळीच्या टोकापाशीच असतात. रुगरचं मॅगझिन टेबलावर बसून भरता येतं. दहा गोळ्या होईतो अंगठा मेणाने आणि शिशाने काळा होतो (त्या हाताने सँडविच खायचं नाही, आधी साबण). पण मुलगा मॅगझिन भरत असताना रायफल दूर, रिकामी, बोल्ट उघडा. लहान मुलांबरोबर जायचं असेल तर मी या एका कारणासाठी मॅगझिनवाली घ्या म्हणेन, चार पैसे जास्त पडले तरी. मार्लिनच्या बाजूचा मुद्दाही खरा आहे: नळी हरवत नाही, मॅगझिन हरवतं.

कायद्यानेही या वादात हात घातला. १९६३ साली केनेडींची हत्या झाली ती टपालाने मागवलेल्या रायफलीने. १९६८च्या बंदूक नियंत्रण कायद्याने टपालाचा व्यापार संपवला आणि प्रत्येक बंदुकीवर नंबर सक्तीचा केला. त्याआधीच्या पुष्कळशा .२२ रायफलींवर नंबरच नसतो. पुढे न्यू जर्सीतल्या तेव्हाच्या १५ गोळ्यांच्या मर्यादेत बसावी म्हणून मार्लिनने नळी आखडून १४ गोळ्यांवर आणली. १९९४च्या केंद्रीय कायद्याने दहापेक्षा जास्त गोळ्यांच्या नव्या मॅगझिनांवर दहा वर्षं बंदी घातली. त्यात .२२ रिमफायरच्या पक्क्या नळीला सूट होती आणि रुगरचं मॅगझिन तर ३० वर्षं आधीपासून बरोब्बर दहाचं. दोन्ही रायफली अशा कायद्याच्या चाळणीतून अलगद निसटल्या. आपल्या लोकांना जास्त लागू पडणारा नियम वेगळाच आहे: एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना १९९८च्या दुरुस्तीनुसार बंदूक बाळगता येत नाही. शिकारीचा वैध परवाना असणं असे थोडके अपवाद आहेत. ग्रीन कार्ड आल्यावर गोष्ट वेगळी, आणि त्यावर राज्याराज्यांचे कायदे आणखी वेगळे.

२०००नंतर घरगुती खेळाला शिस्तीचं वळण लागलं. सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम या नागरी नेमबाजीच्या संस्थेने या साध्या रायफलींसाठी २५ आणि ५० यार्डांवरचे ‘रिमफायर स्पोर्टर’ सामने सुरू केले. अ‍ॅपलसीड या नेमबाजी शिकवणाऱ्या उपक्रमाच्या शिबिरांत २५ मीटरवर ४० गोळ्यांची परीक्षा असते, २५० पैकी २१० मिळाले की ‘रायफलमन’. तिथे रुगर किंवा मार्लिनला नेम धरायची साइट आणि पट्टा लावून लोक सहकुटुंब येतात.

आणि मग गोळीनेच दगा दिला. डिसेंबर २०१२मधल्या सँडी हूकच्या शाळेतल्या हत्याकांडानंतर नवे निर्बंध येणार या धास्तीने लोकांनी दुकानं रिकामी केली. ५०० गोळ्यांच्या खोक्याला तिकडे ‘ब्रिक’ म्हणतात. त्या विटा गायब झाल्या, दुकानदार माणशी एक-दोन खोकीच देऊ लागले आणि हे दिवस महिनोन्‌महिने चालले. घरात रायफली तीन आणि गोळ्या पन्नास अशी अवस्था. रिमफायरची पुंगळी पुन्हा भरता येत नाही, त्यामुळे घरी गोळ्या बनवण्याचा मार्गही बंद.

मार्लिन २००७ साली रेमिंग्टनकडे गेली, रेमिंग्टन २०२० साली दिवाळ्यात निघाली आणि लिलावात मार्लिन विकत घेतली ती रुगरने. साठ वर्षांचे दोन प्रतिस्पर्धी एका छपराखाली आले. रुगरने मार्लिनच्या लिव्हरवाल्या (चापाजवळचा दांडा ओढून भरायच्या) रायफली आधी पुन्हा सुरू केल्या. मॉडेल ६० शोधणारा गिऱ्हाईक त्यामुळे जुन्या बाजारात पोचतो. तिथे दस्त्यावर खारीचं चित्र उमटवलेली एखादी ग्लेनफील्ड हाती लागते. ती घेताना बोल्टमागचा प्लॅस्टिकचा बफर तडकलाय का ते पाहावं. तडकला असेल तर दुकानदार किंमत थोडी उतरवतो, आणि नवा बफर काही डॉलरांत येतो.