विश्वाचा आरंभ: कारण वेगळं, स्पष्टीकरण वेगळं

महास्फोट तुम्हाला माहीत आहेच. साधारण 1380 कोटी वर्षांपूर्वी विश्व अतिशय दाट आणि तापलेलं होतं, तेव्हापासून ते पसरतंय आणि निवतंय. 1965 साली जाहीर झालेलं, आज 2.7 केल्व्हिनवर आलेलं पार्श्वप्रारण (त्या उष्णतेचा सगळ्या आकाशातून येणारा मंद अवशेष) हा त्याचा पुरावा. काळाला पहिला क्षण होता का, हे मात्र त्यातून ठरत नाही. तरी घटकाभर धरून चालू, की होता. मग त्याच्या आधी काही नव्हतंच, म्हणून ‘विश्व का आहे?’ हा प्रश्नच निरर्थक, असं काहीजण म्हणतात.

खरा घोळ इथून सुरू होतो आणि त्याला आपली भाषाही हातभार लावते. मराठीत ‘कारण’ हा एकच शब्द दोन कामं करतो. दूध उतू गेलं, कारण गॅस मोठा राहिला. इथे एक घटना आधी, दुसरी नंतर. सपाट कागदावरच्या त्रिकोणाच्या कोनांची बेरीज 180 अंश भरते, कारण शिरोबिंदूतून पायाला समांतर रेघ ओढली की तिन्ही कोन तिच्या एकाच बाजूला शेजारी शेजारी बसतात. इथे आधी-नंतर काहीच नाही, तरी ‘का’चं उत्तर पुरतं मिळालं. पहिलं कारण, दुसरं स्पष्टीकरण.

काळच सुरू झाला असेल, तर त्याच्या आधीची घटना मागता येत नाही. मान्य. पण त्यावरून ‘म्हणून प्रश्नच निरर्थक’ असं ठोकून देणं साफ चूक. हार्टल आणि हॉकिंग या भौतिकशास्त्रज्ञांचं 1983 सालचं सीमारहित विश्व, म्हणजे काळाला सुरुवातीची कडाच नसलेलं विश्व, घ्या: त्यात ‘आधी’ नाहीच, तरी विश्वाची अवस्था एका नियमातून काढायचा प्रयत्न आहे. तोच नियम का, हे उरतंच.

‘विश्व अनादी असेल तर सुटलो’ हेही तसंच. हॉइल, बर्बिज आणि आपले जयंत नारळीकर या खगोलशास्त्रज्ञांनी 1993 साली अनादी विश्वाचं प्रारूप मांडलं. त्यांच्या बहुतेक सहकाऱ्यांना ते पटलं नाही. पण पटलं असतं तरी प्रश्न मिटला नसता. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझने 1697 सालीच त्यावर बोट ठेवलं होतं. भूमितीच्या पुस्तकाची प्रत आधीच्या प्रतीवरून, ती तिच्या आधीच्या प्रतीवरून, अशी अनादी काळापासून उतरत आली असं समजा. प्रत्येक प्रतीला कारण आहे. पण मुळात भूमितीचंच पुस्तक का, पाककृतींचं का नाही, हे कुठलीच प्रत सांगू शकत नाही.

‘विश्व आहे, बस्स’ अशी भूमिका तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेलने 1948 साली कॉपल्स्टन या धर्मगुरू-तत्त्वज्ञाबरोबरच्या रेडिओवरच्या वादात घेतली. तीही घेता येते. फक्त तिच्या पाठीशी महास्फोट उभा करू नये. विश्व अनादी असतं तरी रसेलला हेच म्हणता आलं असतं.