चेक-इननंतर सीट बदलली? पैसे परत मागण्यासाठी अर्ज कुठे करायचा, कोणते कागद लागतात

गेल्या दिवाळीत आईला घेऊन मी पुण्याहून दिल्लीला निघाले होते. तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली, पाय मधूनमधून लांब करावा लागतो. म्हणून जादा पैसे भरून पुढच्या रांगेतली आइल सीट, म्हणजे मधल्या वाटेकडची, घेतली. आदल्या दिवशी वेब चेक-इन झालं, बोर्डिंग पास फोनवर आला. गेटवर तो स्कॅन केला तेव्हा लाल दिवा लागला आणि कर्मचाऱ्याने नवी चिठ्ठी छापून हातात दिली. मागून चौथी रांग, मधली सीट. कारण विचारलं तर "एअरक्राफ्ट चेंज आहे मॅडम" एवढंच उत्तर. दोन तास आईने पाय दुमडून काढले. घरी येऊन तक्रार लिहायला बसले तर ॲपमधला जुना पास नाहीसा झाला होता, त्या जागी नव्या सीटचा पास दिसत होता. कंपनीने लगेच कळवलं, "आमच्या नोंदीनुसार प्रवास याच सीटवर झाला." पैसे मिळायला दोन महिने लागले. तेही मिळाले ते सीटच्या पैशांची ईमेलवर आलेली पावती सापडली म्हणून. त्या पावतीवर सीटचा क्रमांक होता.

पुढची माहिती त्या अनुभवानंतर नियम वाचून लिहिते आहे. भारतातून निघणाऱ्या आणि देशांतर्गत विमानांपुरती ती धरावी. परदेशातलं थोडं शेवटी आहे.

आधी एक गोष्ट मान्य करावी लागते

सीट बदलण्याचा अधिकार विमान कंपनीकडे असतो. तिकीट काढताना आपण न वाचता ज्या अटींवर टिचकी मारतो, त्यांतच तो लिहिलेला असतो. सुरक्षेसाठी किंवा उड्डाणाच्या सोयीसाठी कोणतीही सीट, अगदी प्रवासी विमानात बसल्यावरही, बदलता येईल, असं त्यात म्हटलेलं असतं. म्हणून "मला तीच सीट द्या" या हट्टाला गेटवर फारसा आधार नाही. मात्र नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, पसंतीची सीट ही तिकिटापासून वेगळी आणि ऐच्छिक सेवा मानते. प्रवाशाने स्वतःहून निवडली तरच तिचे पैसे घेता येतात. ज्या सेवेचे पैसे वेगळे घेतले ती दिलीच नाही, तर ते पैसे परत करायला हवेत. आपल्या अर्जाचा सगळा भार या एका मुद्द्यावर असतो.

बदलाची काही कारणं खरोखर रास्त असतात. ठरलेल्या एअरबसऐवजी छोटं एटीआर विमान लावलं, तर तीन-तीनच्या रांगांऐवजी दोन-दोनच्या रांगा येतात आणि मधली सीट उरतच नाही, त्यामुळे सगळ्यांची मांडणी नव्याने करावी लागते. मांडीवर बाळ घेऊन बसणाऱ्यांचंही तसंच. तीन सीटच्या गटावर ऑक्सिजनचे मुखवटे सहसा चारच असतात, म्हणून एका गटात दोन बाळं बसवता येत नाहीत. आपत्कालीन दारापाशी लहान मुलं, गरोदर स्त्रिया किंवा दार उघडायला मदत करू न शकणारं कुणीही बसू शकत नाही. सीटचा पट्टा तुटलेला असणं, वजनाचा तोल साधणं हीही कारणं आहेत. अशा वेळी सीट सोडावी, वाद घालू नये. पण कारण रास्त असलं म्हणून पैशांवरचा आपला हक्क जात नाही. गेटवर बरेच जण इथेच गप्प बसतात.

कोणाला काय मागता येतं

सीटसाठी वेगळे पैसे भरले आणि कमी दर्जाची सीट मिळाली, म्हणजे जादा पाय पसरायच्या जागेऐवजी साधी किंवा आइलऐवजी मधली, तर भरलेली रक्कम करासकट मागावी. काही कंपन्या फक्त दोन सीटच्या दरांतला फरक देऊ करतात. आपण निवडलेला गुणच मिळाला नसेल तर मी पूर्ण रकमेचा आग्रह धरेन. आठव्या रांगेतल्या आइलऐवजी दहाव्या रांगेतली आइल मिळाली, तर बहुतेक अटींनुसार परतावा बसत नाही. सीट फुकट मिळाली होती, बदल स्वतः मागितला होता, किंवा आपत्कालीन दाराच्या अटीत न बसताही ती सीट घेतली होती, तर अर्ज टिकणार नाही.

प्रवासाचा वर्गच खाली आणला असेल, म्हणजे बिझनेसचं तिकीट असून इकॉनॉमीत बसवलं असेल, तर नियम स्पष्ट आहे. १५ फेब्रुवारी २०२३ पासून देशांतर्गत विमानात तिकिटाच्या किमतीच्या ७५ टक्के रक्कम, करांसह, परत द्यावी लागते. आंतरराष्ट्रीय प्रवासात १५०० किलोमीटरपर्यंत ३० टक्के, १५०० ते ३५०० किलोमीटरपर्यंत ५० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के. इथे सीटच्या शुल्कावर समाधान मानू नका, तिकिटाचा परतावा मागा.

मुलांबाबत डीजीसीएने एप्रिल २०२४ मध्ये कंपन्यांना बजावलं आहे. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला, त्याच पीएनआरवर (बुकिंग क्रमांकावर) प्रवास करणाऱ्या आई-वडिलांपैकी किंवा पालकांपैकी किमान एकाच्या शेजारी सीट द्यायची आणि तशी नोंद ठेवायची. "त्याच पीएनआरवर" हे शब्द महत्त्वाचे. मुलाचं तिकीट मागाहून वेगळं काढलं तर हा आधार निसटतो. लग्नसराईत आजोबा एका बुकिंगवर आणि नात दुसऱ्या, असं आपल्याकडे सर्रास होतं. शक्य असेल तर एकत्रच काढा.

आणि सीटच नाही म्हणून विमानात चढूच दिलं नाही, तर तो सीट बदलाचा मामला राहत नाही. तासाभरात सुटणाऱ्या दुसऱ्या विमानात बसवलं तर भरपाई नाही. २४ तासांत बसवलं तर एका दिशेचं मूळ भाडं आणि इंधन आकार यांच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये. त्याहून उशीर झाला तर चौपट, कमाल २०,००० रुपये.

कागद

सीट बदलली तर पहिली दहा मिनिटं मोलाची. जुना बोर्डिंग पास छापील असेल तर तो परत देऊ नका, निदान त्याचा फोटो काढा. फोनवरचा असेल तर चेक-इन झाल्याझाल्या स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, कारण नवी सीट पडली की जुना पास पुसला जातो. नवी चिठ्ठी जपून ठेवा, विमानातून उतरल्यावर कचऱ्यात टाकू नका. गेटवरच्या कर्मचाऱ्याला बदलाचं कारण लेखी मागा. लेखी दिलं नाही तर तिथूनच कंपनीला चार ओळींचा ईमेल करा, म्हणजे तारीख-वेळेची नोंद राहते.

यांखेरीज ई-तिकीट, सीटच्या शुल्काची पावती किंवा कर बीजक, आणि बँकेच्या किंवा कार्डाच्या विवरणातली ती नोंद लागते. आरोग्याच्या कारणाने सीट घेतली असेल तर डॉक्टरांचं पत्र, मुलाची तक्रार असेल तर वयाचा पुरावा. व्हीलचेअर किंवा तशीच मदत हवी असेल तर उड्डाणाच्या ४८ तास आधी कंपनीला कळवून त्याची पोच ठेवावी. आईच्या वेळी मी हे केलं नव्हतं. केलं असतं तर निदान गेटवर बोलायला कागद असता.

अर्ज कुठे, कोणत्या क्रमाने

पहिला अर्ज कंपनीकडेच करायचा, संकेतस्थळावरच्या तक्रार फॉर्मवर किंवा ईमेलने. फोनवर बोलणं झालं तरी तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. मजकूर लांबवू नका. पीएनआर, विमान क्रमांक, तारीख, निवडलेली सीट, दिलेली सीट, भरलेली रक्कम, सांगितलेलं कारण आणि "रक्कम मूळ खात्यावर जमा करावी" ही मागणी एवढं पुरे. संताप खरा असतो, पण तो पहिल्या परिच्छेदात आला की आकडे मागे पडतात. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर कंपनीने तक्रारींसाठी नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याकडे आणि त्यानंतर अपील प्राधिकाऱ्याकडे जा. दोघांचेही पत्ते संकेतस्थळावर मिळतात.

तिकीट एजंटकडून काढलं असेल तर कंपनी एजंटकडे बोट दाखवते. ऐकू नका. तिकिटाच्या परताव्याची जबाबदारी विमान कंपनीची असते, कारण एजंट हा तिचाच प्रतिनिधी, असं डीजीसीएचे परताव्याचे नियम सांगतात. त्याच नियमांनुसार पैशांऐवजी क्रेडिट शेल, म्हणजे पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडेच जमा राहणारी रक्कम, घ्यायचं की नाही, हे प्रवाशाने ठरवायचं असतं. व्हाउचर देऊ केलं आणि नको असेल, तर तसं लेखी कळवा.

कंपनीकडे काम झालं नाही तर एअरसेवा. नागरी विमान वाहतूक मंत्रालयाचं हे पोर्टल २०१६ पासून सुरू आहे, त्याचं ॲपही आहे. खातं उघडून विमानाचा तपशील भरायचा, कागद जोडायचे. तक्रार संबंधित कंपनीकडे जाते आणि पुढे काय झालं ते पाहता येतं. कंपनीकडच्या तक्रारीचा क्रमांक इथे जरूर लिहा. याच्या जोडीला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, क्रमांक १९१५.

शेवटचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. काही शे रुपयांसाठी कोण जाणार, असं वाटतं, पण वाट वाटते तेवढी बिकट नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगात दाद मागता येते. कोल्हापूरच्या माणसाला कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी जायला नको. मुदत दोन वर्षांची. सेवेसाठी आपण भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. तक्रारीसोबत शपथपत्र आणि वरचे सगळे कागद जोडावे लागतात. अर्ज ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन भरता येतो. वृद्ध किंवा आजारी प्रवाशाला खरोखर त्रास झाला असेल, तर तिथे मानसिक-शारीरिक त्रासाची भरपाई आणि खर्चही मागता येतो.

परदेशातल्या प्रवाशांसाठी

अमेरिकेला येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांवर, कंपनी कोणत्याही देशाची असो, तिथल्या परिवहन खात्याचा २०२४ चा नियम लागू होतो. पैसे घेऊन ठरलेली सीट दिली नाही तर ते शुल्क परत करायचं. युरोपीय संघातल्या विमानतळावरून निघणाऱ्या विमानात वर्ग खाली आणला, तर अंतरानुसार तिकिटाच्या ३०, ५० किंवा ७५ टक्के रक्कम सात दिवसांत मिळायला हवी. न्यूयॉर्क किंवा फ्रँकफर्टहून मुंबईला येताना असं घडलं, तर आधी या नियमांवर बोट ठेवून कंपनीला लिहा.

एअरसेवावर "तक्रार निकाली" असा शेरा आला आणि खात्यात पैसे दिसत नसतील, तर प्रतिसादात तसं नोंदवा आणि परताव्याचा संदर्भ क्रमांक मागा. तो क्रमांक घेऊन बँकेत विचारलं की रक्कम कंपनीकडून निघाली की नाही हे कळतं.